दप्तराची मालकी

एप्रिल १९७१ च्या अखेरीस राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार हेन्री किसिंजर यांनी राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्यापुढे एक टिपण ठेवले. पूर्व पाकिस्तानात लष्करी कारवाई सुरू होऊन महिना उलटला होता आणि निर्वासितांचे लोंढे पश्चिम बंगाल, त्रिपुरा, आसामात येत होते. अमेरिकेने काय करावे याचे तीन पर्याय टिपणात होते : पाकिस्तानचे लष्करशहा याह्याखान यांना सरळ पाठिंबा, तटस्थता, किंवा याह्यांनाच हाताशी धरून राजकीय तडजोडीचा प्रयत्न. किसिंजर यांचा कल तिसऱ्याकडे होता. निक्सन यांनी तो मान्य केला आणि खाली स्वतःच्या हाताने शेरा मारला. सर्वांनी लक्षात घ्यावे, तूर्त याह्यांवर दबाव आणू नका, अशा अर्थाचा. त्यातल्या नकाराखाली त्यांनी तीन रेघा ओढल्या. गोपनीय म्हणून ठेवलेला हा कागद आज कोणालाही वाचता येतो. असा कागद बाहेर आला की आपल्याकडे त्याला गौप्यस्फोट म्हणतात आणि मथळे सजतात. मात्र कागदात काय आहे यापेक्षा तो आपल्यापर्यंत पोचला कसा, हा प्रश्न अधिक मोलाचा आहे. निक्सन पदावर होते तेव्हाच्या रूढीनुसार तो कागद त्यांच्या खासगी मालकीचा होता. त्यांनी तो घरी नेला असता, जाळला असता, तरी रूढीला धक्का लागला नसता. राज्यकर्त्यांच्या मनाच्या मोठेपणातून गुपितांचा इतिहास होत नाही. कागद कोणाचा आणि तो किती काळ झाकता येईल, या दोन गोष्टी राज्यकर्त्याच्या हातातून कायद्याने काढून घेतल्या, तरच तो होतो. १९७१ च्या दप्तराची कहाणी याचा सर्वांत स्पष्ट पुरावा आहे.

आधी एक शंका दूर केली पाहिजे. निक्सन प्रशासन पाकिस्तानकडे झुकले होते हे कळायला तीस वर्षे थांबावे लागले नव्हते. डिसेंबर १९७१ आणि जानेवारी १९७२ मध्ये जॅक अँडरसन या पत्रकाराने व्हाइट हाउसमधल्या आणीबाणीच्या बैठकांची इतिवृत्ते मिळवून छापली. राष्ट्राध्यक्षांना पाकिस्तानच्या बाजूने झुकायचे आहे आणि आपण भारताशी पुरेसे कठोर वागत नाही म्हणून ते सारखे रागावतात, असे किसिंजर अधिकाऱ्यांना सांगत असल्याचे साऱ्या जगाने वाचले. अँडरसनला त्या कामासाठी १९७२ चा पुलित्झर पुरस्कार मिळाला. मग दप्तराने नवे काय दिले? फुटलेल्या कागदातून एक वाक्य मिळाले होते, त्यामागची साखळी मिळाली नव्हती. झुकाव आहे हे कळले, पण तो केव्हा ठरला, कोणी विरोध केला, विरोध कोणाच्या टेबलावर जाऊन थांबला आणि कायदा मोडतो आहोत हे बोलणाऱ्यांना ठाऊक होते का, यातले काहीच कळले नाही. शिवाय कागद फोडणारा आपल्या हेतूने निवडून फोडतो. त्याने न फोडलेले कागद कोणते, हे वाचकाला तपासता येत नाही.

ही साखळी हाती आली २००२ ते २००५ या काळात. डिसेंबर २००२ मध्ये वॉशिंग्टनमधल्या नॅशनल सिक्युरिटी आर्काइव्ह या बिगरसरकारी संस्थेने खुल्या झालेल्या कागदांचा एक संच प्रसिद्ध केला. २००५ मध्ये अमेरिकी परराष्ट्र खात्याने आपल्या अधिकृत दस्तऐवज-मालेत दक्षिण आशियातील १९७१ च्या पेचप्रसंगावरचा खंड काढला. हे कागद तारखेनुसार लावले की चित्र उभे राहते. २८ मार्चला ढाक्यातले अमेरिकी वाणिज्य दूत आर्चर ब्लड तारेने कळवतात की निवडक लोकांचा नरसंहार चालला आहे. ६ एप्रिलला ढाक्यातले वीस अमेरिकी कर्मचारी आपल्याच सरकारच्या धोरणाशी लेखी असहमती नोंदवतात आणि ब्लड त्यांच्या मताला दुजोरा देऊन तार पुढे पाठवतात. त्यानंतर महिन्याच्या आत राष्ट्राध्यक्षांचा तो शेरा येतो. म्हणजे निर्णय अज्ञानातून झाला, ढाक्यात काय चालले आहे हे वॉशिंग्टनला उशिरा कळले, हा बचाव उरत नाही. मग ९ जुलैला किसिंजर पाकिस्तानातून गुप्तपणे पेकिंगला जातात आणि त्या शेऱ्याचे कारण उलगडते. चीनचे दार याह्यांच्या मध्यस्थीने उघडत होते आणि त्या दाराची किंमत पूर्व बंगालच्या लोकांनी मोजली. ब्लड यांना उन्हाळ्यातच ढाक्यातून हलवण्यात आले. वरच्यांची बाजू त्यांच्या आठवणींतून जगाला आयती मिळते. ब्लड यांच्यासारख्याची बाजू दप्तर उघडले तरच पुढे येते.

डिसेंबरचे कागद त्याहून गंभीर आहेत. अमेरिकेने पाकिस्तानला शस्त्रे देणे बंद केले होते. अशा वेळी जॉर्डनला दिलेली अमेरिकी लढाऊ विमाने तिथून पाकिस्तानला देणे कायद्यात बसत नाही, असे परराष्ट्र आणि संरक्षण खात्यातले लोक सांगत होते. तरीही ती विमाने जावीत असा निरोप गेला आणि गेली. १० डिसेंबरला न्यूयॉर्कमध्ये चीनचे प्रतिनिधी हुआंग हुआ यांच्याशी झालेल्या गुप्त भेटीच्या नोंदीत किसिंजर हे स्वतःच सांगतात. कायद्याने आमचे हात बांधलेले आहेत, पण ज्या देशांना विमाने पाठवायची असतील त्यांना आम्ही कळवले आहे की आम्ही निषेध नोंदवू, पण तो फार जोराचा नसेल. त्याच भेटीत, चीनने आपल्या सुरक्षिततेसाठी काही पाऊल उचलले तर अमेरिका इतरांना मध्ये पडू देणार नाही, असेही सूचित केलेले आढळते. त्याच दिवशी विमानवाहू एंटरप्राइझ युद्धनौकेच्या ताफ्याला बंगालच्या उपसागराकडे निघण्याचा आदेश झाला. अमेरिकी नागरिकांना सुरक्षित बाहेर काढण्यासाठी, हे जाहीर कारण होते. आतल्या चर्चांत भर होता तो मॉस्को आणि दिल्लीला इशारा देण्यावर. किसिंजर यांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या आठवणींत आपल्या ठामपणामुळे पश्चिम पाकिस्तान वाचले, असा दावा आहे. त्याला आधार होता इंदिरा गांधींच्या युद्धहेतूंविषयीच्या गुप्तचर अहवालाचा. तो अहवाल खरोखर होता, हे दप्तरातून दिसते. त्याच वेळी, त्याचा अर्थ काय लावायचा यावर प्रशासनातच एकमत नव्हते, हेही दिसते. आठवणींत पहिली गोष्ट आली आणि दुसरी गाळली गेली. आत्मचरित्र आणि दप्तर शेजारी ठेवून वाचता येणे, हीच खुल्या कागदांची खरी कमाई आहे.

या पार्श्वभूमीवर २००५ मध्ये, आणि पुन्हा २०२० मध्ये ज्याची सर्वाधिक चर्चा झाली तो भाग दुय्यम आहे. नोव्हेंबर १९७१ मध्ये इंदिरा गांधी वॉशिंग्टनला गेल्या तेव्हा निक्सन आणि किसिंजर यांनी बंद दाराआड त्यांच्याविषयी आणि भारतीयांविषयी वापरलेली अर्वाच्य भाषा ध्वनिफितींतून बाहेर आली. २००५ मध्ये किसिंजर यांनी त्याबद्दल खेदही व्यक्त केला. भारतीय स्त्रियांविषयीचे हिणकस शेरे तर सुरुवातीला फितींतून गाळलेले होते. ते पुढे, इतिहासकार गॅरी बास यांच्या पाठपुराव्यामुळे बाहेर आले. आपल्या वृत्तपत्रांनी या शिव्यांना पहिले पान दिले. राग स्वाभाविक होता, पण शिवी हा स्वभावाचा पुरावा आहे, धोरणाचा नव्हे. कायद्याला वळसा घालणारे १० डिसेंबरचे संभाषण सभ्य भाषेत झाले होते, म्हणून ते मागे पडले.

आता मालकीकडे वळू. जॉर्ज वॉशिंग्टनपासून अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाचे कागद त्याची खासगी मालमत्ता समजली जात. पद सोडताना तो ते पेट्यांत भरून घरी नेई. चेस्टर आर्थर यांनी मरणापूर्वी आपले बरेचसे कागद जाळायला लावले. हार्डिंग यांच्या पत्नीने पतीच्या मृत्यूनंतर पुष्कळ कागद नष्ट केले. लिंकन यांच्या मुलाने वडिलांचे कागद काँग्रेसच्या ग्रंथालयाला दिले खरे, पण आपल्या मृत्यूनंतर एकवीस वर्षे ते उघडायचे नाहीत या अटीवर. म्हणून लिंकन यांचे दप्तर त्यांच्या हत्येनंतर ८२ वर्षांनी, १९४७ मध्ये, खुले झाले. फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी हाइड पार्क येथे आपल्या कागदांसाठी ग्रंथालय बांधून ते राष्ट्राच्या हवाली केले आणि ते १९४१ मध्ये सुरू झाले. १९५५ च्या कायद्याने अशा ग्रंथालयांना सरकारी आधार मिळाला. तरी हे सारे दानच होते. दान देणारा अटी घालतो, काही कागद बाजूला ठेवतो, काही वर्षे कुलूप लावतो. दात्याचे आभार मानण्यापलीकडे इतिहासकाराच्या हाती काही नसे.

निक्सन यांच्या बाबतीत ही रूढी मोडली, तीही अपघाताने. फेब्रुवारी १९७१ मध्ये व्हाइट हाउसमध्ये गुप्त ध्वनिमुद्रणाची यंत्रणा बसवण्यात आली. खोलीत आवाज झाला की ती आपोआप सुरू होई. जुलै १९७३ मध्ये निक्सन यांचे माजी सहायक अलेक्झांडर बटरफील्ड यांनी सिनेट समितीपुढे तिचे अस्तित्व उघड करीपर्यंत सुमारे ३,७०० तास नोंदले गेले होते. बांगलादेशाचे युद्ध त्या काळात घडले, हा योगायोग. वॉटरगेटमध्ये २४ जुलै १९७४ ला सर्वोच्च न्यायालयाने फिती देण्याचा आदेश दिला आणि ९ ऑगस्टला निक्सन पायउतार झाले. खरी कसोटी पुढे लागली. ८ सप्टेंबरला जेराल्ड फोर्ड यांनी त्यांना माफी दिली आणि त्याच दिवशी सरकारी मालमत्ता सांभाळणाऱ्या खात्याचा निक्सन यांच्याशी झालेला करार जाहीर झाला. त्यानुसार फितींची मालकी निक्सन यांची मानली होती, काही वर्षांनी त्या नष्ट करवण्याचा अधिकार त्यांना होता आणि त्यांच्या मृत्यूनंतर त्या नष्टच व्हायच्या होत्या. हा करार टिकला असता तर १९७१ च्या त्या संभाषणांचा आज मागमूस नसता. काँग्रेसने तो डिसेंबर १९७४ मध्ये कायदा करून रद्द केला. निक्सन न्यायालयात गेले आणि १९७७ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी हरले. १९७८ मध्ये सर्व राष्ट्राध्यक्षांसाठी कायदा झाला. २० जानेवारी १९८१ नंतरचे अध्यक्षीय कागद राष्ट्राच्या मालकीचे ठरले, ते पद सोडल्यावर पाच वर्षांनी मागता येतात आणि ठरावीक प्रकारच्या कागदांवर अध्यक्षाला फार तर बारा वर्षे निर्बंध घालता येतात.

कायदा झाला म्हणून दार आपोआप उघडले नाही. निक्सन यांनी हयात असेपर्यंत प्रत्येक टप्प्यावर वकील उभे केले. त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, १९९६ मध्ये, इतिहासकार स्टॅन्ली कटलर आणि पब्लिक सिटिझन ही संस्था यांच्या दाव्यात तडजोड झाली. तोवर जेमतेम साठेक तास लोकांना ऐकायला मिळाले होते. शेवटचा मोठा हप्ता आला ऑगस्ट २०१३ मध्ये आणि खुले झालेले तास सुमारे तीन हजारांवर गेले. दरम्यान, २००० साली सरकारला निक्सन यांच्या वारसांना १ कोटी ८० लाख डॉलर मोजावे लागले, कारण जप्त केलेली मालमत्ता खासगी होती असे न्यायालयांनी मानले. किसिंजर यांची गोष्टही याच मुशीतली आहे. आपल्या दूरध्वनी-संभाषणांची टंकलिखिते खासगी आहेत असे म्हणत त्यांनी ती काँग्रेसच्या ग्रंथालयात कुलपाआड ठेवली. सरकारी हातात ती यायला नवे शतक उजाडले आणि २००४ मध्ये त्यांतली सुमारे वीस हजार पाने खुली झाली. मुदतीचेही तेच. परराष्ट्र खात्याने १९८९ मध्ये इराणवर जो खंड काढला त्यात १९५३ च्या सत्तांतरातील गुप्तचर संस्थेचा हात गाळला होता. इतिहासकार संतापले, सल्लागार समितीच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला आणि १९९१ मध्ये काँग्रेसने कायदा केला : तीस वर्षांच्या आत खंड निघाला पाहिजे आणि तो सर्वांगीण व विश्वासार्ह असला पाहिजे. १९७१ चा खंड त्या मुदतीलाही चार वर्षे चुकला. पण मुदत लेखी होती म्हणूनच उशीर हा उशीर ठरला.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप असा. राज्यकर्त्याला सल्लागारांशी मोकळेपणाने बोलता आले पाहिजे. उद्या सगळे छापून येणार म्हटल्यावर कोण खरे बोलेल? आक्षेप हवेतला नाही. आपण रेकॉर्ड होत आहोत हे निक्सन यांना ठाऊक होते, पण फिती आपल्याच आहेत या समजुतीत ते बेधडक बोलत राहिले. ती समजूत गेल्यावर त्यांच्यानंतर कोणत्याही राष्ट्राध्यक्षाने तशी सरसकट ध्वनिमुद्रणाची यंत्रणा चालवल्याचे दिसत नाही. इतिहासाचे नुकसान झाले, हे मान्य करावे लागेल. मात्र मोकळेपणा कोणाचा, हे विचारले पाहिजे. गोपनीयता वरच्याच्या मोकळेपणाचे रक्षण करते. खालच्याच्या मोकळेपणाचे रक्षण नोंद करते. ब्लड आणि त्यांच्या सहकाऱ्यांना निर्णय बदलता आला नाही, पण आपण वेळेवर सांगितले होते हे कायमचे लिहून ठेवता आले. कागद टिकणार नाही आणि कोणी वाचणार नाही अशी खात्री असती, तर तशी तार पाठवण्यात धोका तेवढा उरला असता. शिवाय बारा वर्षांची आणि अधिक गंभीर बाबतीत पंचवीस वर्षांची सवलत आहेच. एवढ्या काळानेही ज्या सल्ल्याची लाज वाटावी, तो सल्ला मोकळेपणाचा होता की बेजबाबदारपणाचा, हे तपासणे गैर नाही.

दुसरा आक्षेप माहिती देणाऱ्यांच्या जिवाचा. नावे उघड झाली तर उद्या कोण माहिती देईल? म्हणूनच खुल्या कागदांतही काळ्या पट्ट्या असतात आणि इंदिरा गांधींच्या युद्धहेतूंची खबर देणाऱ्या दिल्लीतल्या खबऱ्याचे नाव आजही झाकलेले आहे. जिवंत माणसाला धोका असेल तर पट्टी योग्यच. पण पट्टीखालच्या रिकाम्या जागेत काय उगवते, हेही पाहायला हवे. १९८३ साली सीमोर हर्श यांनी किसिंजरवरील पुस्तकात तो खबरी म्हणजे मोरारजी देसाई, असा आरोप केला. मुंबई राज्याचे मुख्यमंत्री राहिलेले मोरारजीभाई १९६९ मध्येच मंत्रिमंडळातून बाहेर पडले होते. त्यांनी शिकागोत बदनामीचा दावा लावला. किसिंजर यांनी साक्षीत मोरारजी खबरी असल्याचे आपल्याला ठाऊक नसल्याचे सांगितले. तरी १९८९ मध्ये निकाल हर्श यांच्या बाजूने लागला, कारण लेखकाने खोटे आहे हे जाणून किंवा खऱ्याखोट्याची पर्वा न करता लिहिले, हे अमेरिकी कायद्यात सार्वजनिक व्यक्तीला सिद्ध करावे लागते. आरोप खरा ठरला नाही, पण निर्दोषत्वही कागदावर सिद्ध झाले नाही. गुप्ततेने एका नावाचे रक्षण केले आणि दुसऱ्या नावावर डाग राहू दिला. म्हणून पट्टीलाही मुदत हवी आणि मुदत संपल्यावर ती कायम ठेवण्याचे कारण लेखी द्यावे लागायला हवे.

तिसरा आक्षेप आपल्या अधिक जवळचा आहे. अमेरिका आपले कागद खुले करते, म्हणून १९७१ चा इतिहास अमेरिकी खिडकीतून लिहिला जातो आणि त्यात दिल्ली दुसऱ्यांनी रंगवलेले पात्र होते. आक्षेप खरा आहे, पण त्याचा रोख वॉशिंग्टनकडे नको. भारतीय बाजूचा सर्वांत मोलाचा पुरावा पी. एन. हक्सर यांच्या कागदांत आहे. श्रीनाथ राघवन यांच्यासारख्या इतिहासकारांनी तो वापरला. ते कागद दिल्लीत तीन मूर्तीच्या, २०२३ पर्यंत नेहरू स्मारक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ग्रंथालयात मिळतात, खासगी संग्रह म्हणून! पंतप्रधानांच्या सचिवाची टिपणे सरकारी दप्तरातून नव्हे, खासगी संग्रहातून वाचकाला मिळावीत, ही १९७४ पूर्वीच्या अमेरिकेची स्थिती आहे. १९६२ च्या पराभवावरचा हेंडरसन ब्रुक्स-भगत अहवाल आजही अधिकृतपणे बंद आहे. सप्टेंबर १९६३ मध्ये संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी लोकसभेत केलेले निवेदन, एवढेच सरकारने त्याबद्दल सांगितले. २०१४ मध्ये त्याचा भाग इंटरनेटवर आला तो नेव्हिल मॅक्सवेल या परदेशी पत्रकारामुळे. पूर्व विभागाच्या लष्करी मुख्यालयातील १९७१ च्या नोंदी नष्ट झाल्याच्या बातम्या २०१० मध्ये आल्या, तेव्हा देशात जी शांतता होती ती कोणत्याही काळ्या पट्टीपेक्षा अधिक चिंताजनक होती.

आपल्याकडे कायदा नाही असे नाही. १९९३ चा सार्वजनिक अभिलेख कायदा सरकारी कागदांची अवैध विल्हेवाट गुन्हा ठरवतो आणि तीस वर्षांहून जुने, गोपनीय नसलेले कागद अभ्यासकांना द्यायला वाट देतो. पण गोपनीय शिक्का असलेला कागद राष्ट्रीय अभिलेखागाराकडे पाठवायचाच नाही, असेही तोच म्हणतो आणि शिक्का काढायचा की नाही हे शिक्का मारणारे खातेच ठरवते. मालकी राष्ट्राची, किल्ली खात्याची. २०१५-१६ मध्ये नेताजींच्या फायली खुल्या झाल्या त्या राजकीय इच्छेमुळे. जून २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने युद्धांचे इतिहास लिहून पंचवीस वर्षांनंतरचे कागद अभिलेखागाराकडे देण्याचे धोरण जाहीर केले, हे स्वागतार्ह. पण धोरण पुढच्या सरकारला बदलता येते आणि एका सरकारच्या इच्छेने उघडलेले दार दुसऱ्याच्या इच्छेने बंद होते.

अमेरिकेतही कायदा पुरेसा नसतो, हे खरेच. २००१ मध्ये जॉर्ज बुश यांनी एका आदेशाने माजी अध्यक्षांना आणि त्यांच्या वारसांना कागद रोखण्याची ताकद दिली. ओबामा यांनी २००९ मध्ये तो आदेश मागे घेतला. केनेडी हत्येचे कागद १९९२ च्या कायद्याने २०१७ पर्यंत खुले व्हायचे होते, ते पुन्हा पुन्हा लांबले. २०२२ मध्ये राष्ट्रीय अभिलेखागाराला ट्रम्प यांच्या फ्लोरिडातील निवासस्थानाहून पंधरा खोकी परत घ्यावी लागली. यावरून कायदा निरुपयोगी, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे आणि चुकीचेही. १९७४ पूर्वी तीच खोकी घरी नेणे हा माजी अध्यक्षाचा हक्क होता. त्यानंतर तो वादाचा विषय झाला, चौकशीचा झाला, न्यायालयात गेला. कायदा मोडला जातो याचा अर्थ मोडण्याजोगे काही आता अस्तित्वात आहे. भारताला हवा आहे तो एवढाच पाया : गोपनीयतेच्या शिक्क्यावर मुदतीची तारीख असावी, ती उलटल्यावर शिक्का आपोआप गळून पडावा आणि तो टिकवायचा असेल तर कागद तयार करणाऱ्या खात्याने नव्हे, त्याच्याबाहेरच्या मंडळाने लेखी कारण देऊन टिकवावा. १९७१ मध्ये दिल्लीने घेतलेले निर्णय बहुधा वॉशिंग्टनच्या निर्णयांपेक्षा अधिक समर्थनीय ठरतील. पण ते सिद्ध करायला आपल्याकडे कागद हवेत, आणि दुसऱ्या देशाच्या दप्तरातून आपले समर्थन शोधत बसणे हे विजेत्या राष्ट्राला शोभणारे नाही.